कंबरेला आतून आधार : पिलाटीजचा व्यायाम कसा सुरू करावा

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपण पिलाटीज नावाच्या व्यायामाबद्दल बोलणार आहोत. नाव परकं आहे, पण व्यायाम चटईवर पडून, आपल्या घरात, एक रुपया खर्च न करता करता येतो. आम्ही बारा जणी गेल्या सात महिन्यांपासून तो करतोय, म्हणून आमच्या चुकांसकट सांगतो.

याची सुरुवात झाली आमच्या बचत गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या आणि कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं. सगळ्या पोट धरून हसलो. आमच्यातल्या एक मावशी मात्र हसता हसता एकदम गप्प झाल्या, उठल्या आणि न सांगताच घरी गेल्या. पुढच्या दोन बैठकांना त्या फिरकल्या नाहीत. आमच्यातली एक जण त्यांच्या घरी गेली, तेव्हा खरं कारण कळलं. हसलं, खोकलं, शिंकलं, घागर उचलली की त्यांना थोडी लघवी व्हायची. तिसऱ्या बाळंतपणापासून हे चालू होतं. वीस वर्षं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. लांबच्या लग्नाला जात नव्हत्या, एसटीत बसायला घाबरायच्या.

मावशींच्या परवानगीने हा विषय बैठकीत निघाला, तेव्हा बारा जणींतल्या पाच जणी हळूच म्हणाल्या, "मलापण होतं." आणि कंबरदुखी तर सगळ्यांनाच होती. मग आशाताईंना बरोबर घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी आम्हाला तपासलं, दोघींना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, आणि बाकीच्यांना काही सोपे व्यायाम शिकवले. त्यातले बरेचसे पिलाटीजमधले होते.

हा व्यायाम आला कुठून?

जोसेफ पिलाटीज नावाचा एक माणूस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी तो फार अशक्त होता. दमा होता, मुडदूस झाला होता. शरीर बळकट करायचं म्हणून तो नाना प्रकारचे व्यायाम शिकला. १९१२ च्या सुमारास तो इंग्लंडला गेला. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि जर्मन म्हणून त्याला तिथे छावणीत डांबून ठेवण्यात आलं. जमिनीवर, थोड्या जागेत करता येणारे व्यायाम तो तिथे इतरांना शिकवू लागला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्याने पलंगाच्या स्प्रिंगा वापरून व्यायामाची सोय केली, असंही सांगितलं जातं.

१९२६ साली तो न्यूयॉर्कला गेला. तिथे तो आणि त्याची जोडीदारीण क्लारा मिळून व्यायामशाळा चालवत. नाचणारे कलाकार दुखापत झाली की त्यांच्याकडे येत. १९४५ साली त्याने पुस्तक लिहिलं, त्यात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. त्याने स्वतः या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हटलं होतं, म्हणजे शरीरावर ताबा ठेवण्याची विद्या. १९६७ साली तो वारला, आणि पुढे लोकांच्या तोंडी त्याचंच नाव राहिलं.

२००० साली अमेरिकेतल्या न्यायालयाने हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. त्यामुळे कुणीही 'पिलाटीज शिकवतो' अशी पाटी लावू शकतं. शहरात मोठमोठ्या यंत्रांवर हा व्यायाम शिकवतात, त्याची फी भारी असते. चटईवरच्या व्यायामाला यंत्र लागत नाही. म्हणून पाटी बघून भुलू नका, आणि यंत्र नाही म्हणून मागेही हटू नका.

"आम्ही दिवसभर राबतोच की!"

घरी पहिला प्रश्न हाच येतो. आम्हालाही सासूबाईंनी विचारला, नवऱ्यांनी विचारला. खुरपण झालं, पाणी भरलं, धुणं झालं, भाकरी झाल्या, मग आणखी व्यायाम कशाला?

प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर नीट समजून घ्या. कामात आपण एकच हालचाल शेकडो वेळा करतो. खुरपताना तासन्‌तास वाकून बसतो. ज्वारी काढताना त्याच बाजूला, त्याच पद्धतीने ओढतो. कळशी कायम एकाच कंबरेवर. त्यात काही स्नायू थकून आखडतात, आणि काही स्नायूंना कामच मिळत नाही. काम उरकायची घाई असते, शरीर कसं वळतंय याकडे लक्ष नसतं. व्यायामात नेमकं उलटं करायचं असतं. हालचाल थोडी, हळू, आणि सगळं लक्ष शरीराकडे.

आता पोटाच्या आतली रचना बघू. आपल्या धडात एक डबा आहे असं समजा. त्याचं झाकण म्हणजे फुप्फुसांखालचा श्वासपटल. पुढची आणि बाजूची भिंत म्हणजे पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, जो पट्ट्यासारखा कंबरेभोवती असतो. मागे मणक्यांना धरून ठेवणारे छोटे छोटे स्नायू. आणि डब्याचा तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय हे सगळं या तळावर तोललेलं असतं.

अर्धवट भरलेलं पोतं भिंतीला टेकवलं तरी खचतं. नीट भरून तोंड शिवलेलं पोतं ताठ उभं राहतं. आपल्या कण्याचंही तसंच आहे. हे चारही स्नायू एकमेकांच्या साथीने काम करत असतील तर कण्याला आतून आधार मिळतो. बाळंतपणात तळाचे स्नायू ताणले जातात, पोटाची भिंत सैल होते. सव्वा महिना झाला की आपण पुन्हा हंडे उचलायला लागतो. सैल झालेलं पुन्हा घट्ट करायचं असतं, हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

तयारी

जाड सतरंजी किंवा दुहेरी घातलेली गोधडी जमिनीवर पसरा. पलंगावर करू नका, गादी दबते. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल घ्या. कपडे सैल हवेत. पंजाबी ड्रेस चालतो. साडीतच करायचं तर कासोटा घाला. आमच्यातल्या दोघी मुलाची ट्रॅक पँट घालतात, सुरुवातीला हसू आलं, आता कुणी हसत नाही.

जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. रोज १५ मिनिटं पुरतात, आठवड्यातून तीन-चार दिवस केलं तरी चालेल. मात्र एकच दिवस तासभर करून आठवडाभर सुट्टी, असं नको.

सुरुवातीचे सात व्यायाम

पहिला, श्वास. उताणं झोपा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर, दोन पावलांत वीतभर अंतर. दोन्ही हात बरगड्यांवर ठेवा. नाकाने श्वास घ्या आणि बरगड्या दोन्ही बाजूंना फुगू द्या, खांदे वर उचलू नका. तोंडाने हळूहळू, चहा फुंकावा तसा, श्वास सोडा. सोडताना बेंबीखालचं पोट अलगद आत जाऊ द्या. दहा वेळा. पुढच्या प्रत्येक व्यायामात जोर लावताना श्वास सोडायचा असतो. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही.

दुसरा, तळाचे स्नायू. त्याच स्थितीत, लघवी अडवावी आणि वायूही अडवावा तसं आतून वर ओढून घ्या. कुल्ले आवळू नका, मांड्या दाबू नका, बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसता कामा नये. पाच मोजेपर्यंत धरा, मग पूर्ण सैल सोडा. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम मुळात पिलाटीजचा नाही. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला. पण आता दोन्ही एकत्र शिकवतात. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र धार थांबवण्याची सवय लावू नका, त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

तिसरा, कंबरेचा झोका. तसंच पडून राहा. श्वास सोडत कंबर जमिनीला टेकवा, ओटीपोट किंचित बेंबीकडे झुकेल. श्वास घेत पुन्हा सैल सोडा, कंबरेखाली हात सरकेल इतकी पोकळी राहील. हालचाल दोन बोटांएवढीच. दहा वेळा. सकाळी ताठलेल्या कंबरेला याने सगळ्यात आधी बरं वाटतं.

चौथा, पूल. श्वास सोडत आधी कंबर टेकवा, मग माकडहाडापासून एकेक मणका उचलत कुल्ले वर न्या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतार झाला की थांबा. वर श्वास घ्या, सोडत एकेक मणका खाली ठेवत या. सहा ते आठ वेळा. योगातल्या सेतुबंधासनासारखाच हा दिसतो. योगात आपण आसन धरून ठेवतो, इथे श्वासाबरोबर वर-खाली होतो.

पाचवा, एकेक पाय उचलणं. उताणं, गुडघे वाकवलेले. श्वास सोडत एक पाय गुडघ्यात वाकलेलाच वर उचला, मांडी उभी होईपर्यंत. श्वास घेत सावकाश खाली. मग दुसरा. कंबर जागची हलता कामा नये, खरा कस तिथेच आहे. दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा.

सहावा, कुशीवरचा. एका कुशीवर वळा, डोकं हातावर, गुडघे वाकवून एकावर एक. टाचा चिकटलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडा आणि मिटा. कंबर मागे लवंडू देऊ नका. दहा वेळा, मग दुसऱ्या कुशीवर. खुब्याच्या बाजूचे स्नायू याने बळकट होतात. चालताना आणि एका पायावर भार घेताना तेच आपल्याला सावरतात.

सातवा, रांगता. हातपाय टेकून रांगायच्या स्थितीत या. पाठ पाटासारखी सपाट. श्वास सोडत एक पाय मागे सरळ करा, बोटं जमिनीवरून सरकवत नेली तरी चालेल. परत आणा, मग दुसरा. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय आणि तो सांडू द्यायचा नाही, असं मनात धरा. जमायला लागलं की समोरचा उलटा हातही पुढे करा. गुडघे दुखत असतील तर खाली उशी घ्या, किंवा हाच व्यायाम भिंतीला हात टेकून उभ्याने करा.

आम्ही काय चुकलो

आमच्यातल्या दोघी-तिघींनी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यात डोकं आणि पाय उचलून हात शंभरदा हलवण्याचा एक प्रसिद्ध व्यायाम होता. पहिल्याच आठवड्यात आम्ही तो करून बघितला. दुसऱ्या दिवशी दोघींच्या माना धरल्या. पोटात ताकद नव्हती, म्हणून सगळा भार मानेने घेतला. ताईंनी सांगितलं की डोकं टेकवून सहा-आठ आठवडे करा, मग बघू. तेव्हापासून आमचा नियम ठरला. संख्या वाढवण्याआधी हालचाल नीट करायची.

दुसरी चूक, पोट आत ओढायचं म्हणून जोरात आवळायचं. तसं केलं की श्वास अडकतो आणि दाब खाली, तळावर येतो. मग फायद्याऐवजी त्रास. पोट अलगद आत जायला हवं.

पहिले दोन आठवडे फक्त पहिले तीन व्यायाम करा. पुढच्या दोन आठवड्यांत पूल आणि कुशीवरचा घ्या. पाचव्या आठवड्यापासून बाकीचे. स्नायू थोडे ठणकले तर काळजी नको, एक-दोन दिवसांत जातं. पण टोचल्यासारखी कळ आली, कळ पायात उतरली किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

बाळंतपण साधं झालं असेल तर श्वासाचा आणि तळाचा व्यायाम दुखत नसेल तितका काही दिवसांतच सुरू करता येतो. बाकीचे सहा आठवड्यांनंतर, तपासणी करून. सिझेरियन झालं असेल किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. पोट उचलताना मधोमध डोंगरासारखा उंचवटा येत असेल तर स्नायू फाकलेले असू शकतात, ते तपासून घ्या.

गरोदर असाल तर आधी विचारा, आणि चौथ्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं पडून व्यायाम करू नका. अंग बाहेर येत असेल, रक्तदाब जास्त असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं असेल, तर सल्ला घेऊनच करा. ठिसूळ हाडांना पुढे वाकून उठण्याचे, पाठीवर लोळण्याचे व्यायाम धोक्याचे असतात.

आणि काही खुणा अशा आहेत की व्यायाम बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा येणं, लघवी-संडासवरचा ताबा अचानक सुटणं, ताप येणं, कारण नसताना वजन उतरणं. यात उशीर करू नका.

याने काय होतं, काय होत नाही

खोट्या आशा लावायच्या नाहीत, असं आमचं ठरलेलं आहे. पिलाटीजने पोटाचा घेर झटपट कमी होत नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या पिलाटीजच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. काहीच न करण्यापेक्षा याने दुखणं कमी होण्याची शक्यता आहे, पण इतर व्यायामांपेक्षा हाच सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सारांश. म्हणजे तुम्ही योग करत असाल आणि बरं वाटत असेल, तर तोच चालू ठेवा. आणि खोकताना लघवी होण्यावर खरा उपाय म्हणजे तळाच्या स्नायूंचा व्यायाम, तो नेमाने निदान तीन महिने करायला हवा.

व्यायामात शिकलेलं कामात उतरलं तरच उपयोग. घागर उचलताना जवळ उभं राहा, गुडघ्यांत वाका, आधी तळ आत ओढा आणि श्वास सोडत उचला. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. खुरपताना अर्ध्या तासाने उठून उभं राहा आणि कंबर हलकेच मागे झुकवा. कळशीची बाजू बदला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. व्यायामाने हंडा हलका होत नाही. घरातलं पाणी एकट्या बाईनेच भरायचं, बाळंतिणीने महिन्याभरात ओझं उचलायचं, याला कुठलाच व्यायाम उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी घरात बोलावं लागेल, ग्रामसभेत नळाचा विषय काढावा लागेल. आमच्यातल्या तीन घरांत आता मुलगे पाणी भरतात. तेवढं बोलायचं बळ आम्हाला एकत्र बसल्यामुळेच आलं.

आम्ही आता दर बैठकीच्या आधी समाजमंदिरात सतरंज्या टाकून वीस मिनिटं व्यायाम करतो. एक जण मोजते, बाकीच्या करतात. दार लावून घेतो, म्हणजे संकोच वाटत नाही. ज्यांना घरी वेळ मिळत नाही, त्यांचं निदान तेवढं तरी होतं.

आणि मावशी? चौथ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "अजून कधीकधी होतं, पण रोज नाही." मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला त्या चार तासांचा एसटीचा प्रवास करून गेल्या, आणि येताना आम्हा सगळ्यांसाठी लाडू घेऊन आल्या. त्यांनीच सांगितलं की माझी गोष्ट रेडिओवर सांगा, फक्त नाव घेऊ नका.

तर मैत्रिणींनो, आज रात्री झोपण्याआधी पहिला व्यायाम करून बघा. दहा श्वास, एवढंच. आणि तुमच्या गटातली एखादी बाई हसता हसता गप्प होत असेल, तर तिच्या घरी जाऊन या. नमस्कार.